क्लच आणि गिअरचा दांडा असलेली वेगवान गाडी आता घ्यायची कुठे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. महिनाभर नवी गाडी शोधतोय आणि मनासारखी सापडत नाही, म्हणून हा धागा काढला.

माझ्याकडे स्कोडाची लॉरा आरएस आहे, २०१२ची. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १६० अश्वशक्ती, सहा गिअर, आणि सगळे हाताने टाकायचे. १ लाख ८० हजार किलोमीटर झाले. धंद्यामुळे धुळे, जळगाव, संभाजीनगर अशी कायम धाव असते, पण रविवारी पहाटे मी काही काम नसताना निघतो. साडेपाचला चाळीसगाव सोडायचं, कन्नड घाट चढायचा, वर चहा घ्यायचा आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. जड वाहनांना घाट बंद झाल्यापासून पहाटे रस्ता बराच मोकळा मिळतो.

त्या घाटात एक डावं वळण आहे. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये शिरलं की इंजिन दबतं, टर्बो झोपतो आणि गाडी नुसती ओढत राहते. म्हणून वळणाच्या आधीच दुसरा टाकावा लागतो. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरलेला असतानाच टाचेने अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबायचा, इंजिनाचे फेरे वर आणायचे, दुसरा टाकायचा, क्लच सोडायचा. जमलं तर गाडीला काहीच कळत नाही. चुकलं तर शेजारी बसलेल्याची मान पुढे जाते. मला हे नीट यायला दोन वर्षं लागली, आणि आजही पाचातून एकदा चुकतं. ज्या रविवारी पाचही वेळा जमतं तो पूर्ण आठवडा चांगला जातो.

आता त्याच घराण्यातली नवी गाडी घ्यायची तर? ऑक्टाव्हिया आरएस २०२५ मध्ये भारतात आली. १०० गाड्या, २६५ अश्वशक्ती, फक्त डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. त्याच वर्षी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, तीही फक्त डीएसजी. १९७६ साली पहिली जीटीआय निघाली तेव्हा तिला चार गिअर होते आणि दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ होती, तीच तिची ओळख. २०२४च्या नव्या रूपात तो दांडा जगभरातून गेला. वरच्या थरात तर केव्हाच गेला होता. फेरारीची ४५८ २००९ मध्ये मॅन्युअलशिवायच आली, लॅम्बोर्गिनीत गॅलार्डो २०१३ला बंद झाली तिच्याबरोबर दांडाही संपला, आणि कॉर्व्हेटने २०२०च्या मॉडेलपासून क्लचचं पेडलच काढलं.

शोरूममध्ये मला सांगतात, 'साहेब, स्टेअरिंगमागे पॅडल आहे ना, तिथून गिअर टाका.' माझं स्पष्ट मत आहे, पॅडल ओढणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. ती कॉम्प्युटरला केलेली विनंती आहे.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे नेमकं कशामुळे होतंय? आणि वीस-बावीस लाखांच्या आत, दम असलेली, हाताने गिअर टाकायची नवी गाडी आज कुठली उरली आहे?

लळिंग (धुळे)

शंभर टक्के सहमत. वडील आग्रा रोडवर ट्रक चालवायचे. त्यांना कुणी ऑटोमॅटिकचं सांगितलं की म्हणतात, 'गाडी मनी शे ना, मंग गेर बी मीच टाकसू.' वाचतोय.

केळीपट्टा (सावदा)

गिरणाकाठ भाऊ, तुमचं घाटाचं वर्णन दोनदा वाचलं. आवडलं. पण ते पॅडलचं वाक्य लागलं, म्हणून लिहितो.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या पायात जोर नाही. गाड्यांचं वेड मात्र भावापेक्षा मला जास्त. आमच्या घरी केळीच्या गाड्या भरायला ट्रक यायचे, मी ओट्यावर बसून आवाजावरून सांगायचो की ड्रायव्हरने आता तिसरा टाकला, आता चौथा. स्वतः टाकू शकत नव्हतो. पुढे एका जुन्या गाडीला क्लच हाताने दाबायची जोडणी करून घेतली. एक हात क्लचला, दुसरा स्टेअरिंगला, आणि गिअर टाकायचा तेव्हा स्टेअरिंग क्षणभर सोडायचं. सात वर्षं तशी चालवली. फैजपूर-यावल रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली की पोटात गोळा यायचा.

आज माझ्याकडे फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आहे. १५० अश्वशक्ती, सात गिअर, डीएसजी, स्टेअरिंगमागे पॅडल. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, मला हवा तेव्हा, मला हवा तो गिअर टाकतो. चोपड्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्यात धरून ठेवतो, इंजिनाचा आवाज वर चढू देतो आणि मग चौथा टाकतो. हे चालवणं नव्हे, असं मला कुणी म्हणू नये.

पांझरा (मूळ धुळे, सध्या पुणे)

मी गिअरबॉक्सच्या कामातच आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो. लांबेल.

दांडा जायची सुरुवात शर्यतीतून झाली. १९८९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने ६४० नावाची गाडी उतरवली. स्टेअरिंगमागे दोन पाती, त्यांनी गिअर बदलायचे. ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेलने ती जिंकून दाखवली. काही वर्षांत सगळ्या संघांनी तेच उचललं. १९९७ मध्ये फेरारीच्या ३५५ मधून ते रस्त्यावर आलं. पण तो एकाच क्लचचा प्रकार होता, गिअर बदलताना गाडी डोकं हलवायची. खरा फरक २००३ मध्ये पडला, जेव्हा गोल्फ आर३२ मध्ये दोन क्लचचा डीएसजी आला.

त्यात गंमत अशी आहे. १, ३, ५ हे गिअर एका शाफ्टवर, २, ४, ६ दुसऱ्यावर, आणि प्रत्येक शाफ्टला स्वतंत्र क्लच. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. आपण हाताने गिअर टाकतो तेव्हा कितीही सफाई असली तरी मध्ये ताकद तुटते. पोर्शेच्या आत्ताच्या ९११ जीटी३ चे कंपनीचेच आकडे बघा: शून्य ते शंभर, पीडीकेला (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. गाडी तीच, इंजिन तेच. ज्या गाड्या आकड्यांवर विकल्या जातात तिथे अर्धा सेकंद म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

दुसरं कारण टॉर्क. टर्बोमुळे इंजिनं खालच्या फेऱ्यांवरच प्रचंड जोर काढतात. तो सहन करणारा मॅन्युअल बनवता येतो, पण मग क्लच जड होतो आणि दांडा सहज पडत नाही. बीएमडब्ल्यू एम३ मॅन्युअलमध्ये ५५० न्यूटन-मीटरवर थांबते. तिची कॉम्पिटिशन आवृत्ती ६५० काढते आणि ती फक्त ऑटोमॅटिक आहे.

तिसरं, धूर आणि इंधन. माणूस सहा-सातच्या वर गिअर नीट सांभाळू शकत नाही, यंत्र आठ-दहा सहज सांभाळतं आणि इंजिनाला कायम कमी खर्चाच्या फेऱ्यांवर ठेवतं. शिवाय प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडीची तपासणी आणि मान्यता वेगळी घ्यावी लागते. विक्री थोडी असेल तर तो खर्च अंगावर येतो. त्यात आता गाडी स्वतः ब्रेक लावते, पुढच्या गाडीमागे थांबते आणि पुन्हा निघते. क्लच माणसाच्या पायात असेल तर हे शेवटपर्यंत करता येत नाही.

आता जे आम्ही आतले लोक कमी बोलतो ते. कंपन्या दांडा परतही आणतात, फक्त मागणी दिसावी लागते. पोर्शेने २०१३ मध्ये जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली. जुने गिऱ्हाईक नाराज झाले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, ९९१ गाड्या, आणि वापरलेल्या गाडीला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आला. २०१७ मध्ये जीटी३ला मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. टोयोटाची सुप्रा २०१९ला ऑटोमॅटिक आली, २०२२ मध्ये मॅन्युअल जाहीर झाली. आपल्याकडेच बघा, ह्युंदाई आय२० एन लाइन २०२१ मध्ये आली ती क्लचचं पेडल नसलेली आयएमटी किंवा दोन क्लचवाली डीसीटी. २०२३ मध्ये आयएमटी काढून तिथे खरा सहा गिअरचा मॅन्युअल दिला. व्हर्टस जीटीला १.५ टर्बो २०२२ मध्ये फक्त डीएसजीबरोबर मिळायचा, २०२३ मध्ये मॅन्युअल आला.

म्हणजे भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर केळीपट्टा यांच्या दारात उभं आहे. तीच गाडी, तेच इंजिन, सहा गिअर हाताचे.

जाता जाता एक सांगतो. पहिली कॉर्व्हेट १९५३ची, आणि ती दोन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. मॅन्युअल १९५५ मध्ये आला. पूर्वी सगळं हातानेच होतं असं समजू नका.

गिरणाकाठ

पांझरा, मनापासून आभार. इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

केळीपट्टा भाऊ, तुम्ही लिहिलेलं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मी ते वाक्य माझ्यापुरतं लिहिलं होतं, पण लिहिलं सगळ्यांसाठी असल्यासारखं. त्याबद्दल माफी. विचार करून परत लिहितो.

रेल्वेक्वार्टर (भुसावळ)

माझ्याकडे वेगवान गाडी नाही, पण या विषयाशी माझा संबंध बाबांमुळे आहे. बाबा लोको पायलट होते, निवृत्त झाले. हा धागा त्यांना रात्री जेवताना वाचून दाखवला.

ते म्हणाले, 'आमच्याकडे हे आधीच होऊन गेलं.' विजेच्या इंजिनाला गाडीसारखे गिअर नसतात, पण जुन्या डब्ल्यूएजी-५, डब्ल्यूएजी-७ या इंजिनांना नॉच असायचे, एकूण ३२. ट्रान्सफॉर्मरवरून मोटरला किती व्होल्ट द्यायचे ते एकेक पायरीने चढवायचं. मालगाडी उचलताना डोळा अँपिअरच्या काट्यावर आणि कान चाकांवर. घाई केली तर चाकं जागच्या जागी फिरायची. मग नॉच उतरवायचे, रुळावर वाळू सोडायची आणि परत सुरुवात. पावसाळ्यात कसाऱ्याचा चढ, १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर जाताना १ मीटर वर, मागून ढकलायला बँकर इंजिन लावलेलं. तिथे कुणाचा हात कसा आहे ते पूर्ण डिव्हिजनला माहीत असायचं. नवीन मुलं मुद्दाम त्यांच्या गाडीवर ड्युटी मागायची.

मग डब्ल्यूएजी-९ सारखी थ्री-फेज इंजिनं आली. त्यात नॉच नाहीत. थ्रॉटल सलग पुढे जातो, चाक घसरायला लागलं की इंजिन स्वतःच जोर कमी करतं. मी विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, 'पहिले सहा महिने हात मोकळे मोकळे वाटले. पण गाडी किती भरली आहे, रूळ ओला आहे का, पुढच्या उतारावर ब्रेक कुठे धरायचा, हे इंजिनाला तेव्हाही कळत नव्हतं. ते माझ्याकडेच राहिलं.'

मला हे महत्त्वाचं वाटतं. गिअर गेला म्हणजे चालवणाऱ्याचं कसब गेलं असं नाही, ते दुसरीकडे सरकतं. मी स्वतः एएमटी गाडीने, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळतं अशा गाडीने, रोज जळगावला जाते. क्लचमध्ये पाय अडकलेला नसतो म्हणून हायवेवर दूरचं जास्त दिसतं, असा माझा अनुभव आहे.

आणि पुढे तर इलेक्ट्रिक गाड्याच येणार. त्यांच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर असतो, गिअर हवेत कशाला? तरी ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये आठ गिअरचा भास करून दिला आहे. पॅडल ओढलं की झटका बसतो, आवाज बदलतो, आणि आत प्रत्यक्षात एकही गिअर बदललेला नसतो. तेव्हा गिरणाकाठ भाऊ, तुम्हाला मनापासून विचारते: तुम्हाला गिअर हवाय, की घाटात स्वतःच्या हाताने काहीतरी करायला हवंय?

पाना_१४_१५ (जळगाव)

आमचं गॅरेज आहे, वडिलांपासून. माझं लिहिणं बोलण्यासारखंच येईल, सांभाळून घ्या.

सगळे मॅन्युअल मॅन्युअल करी राहिले, पण मॅन्युअल कसा मरतो ते मी रोज बघतो. फाटकावर रांग लागली की पोरं न्यूट्रल करत नाहीत, अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभी राहतात. क्लच प्लेट जळते, वास गाडीत येतो तरी काच खाली करतात अन् उभेच. दुसरं, क्लचवर पाय टेकवून चालवणं. त्यात रिलीज बेअरिंग जातं. तिसरं, हात सारखा दांड्यावर. दांडा म्हणजे हात ठेवायची जागा नाही भो, त्याच्या खाली गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क आहे, तो झिजतो.

आता सिंक्रो. दोन गिअर वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. त्यांच्यामध्ये पितळेची रिंग असते, ती आधी घासून वेग सारखा करते अन् मग दात बसतात. आपल्याला नुसतं 'टक' लागतं, पण तेवढ्या वेळात ती रिंग काम करून मोकळी झालेली असते. तुम्ही घाईत तिसऱ्यातून दुसरा हाणला की सगळा मार त्या रिंगवर. अन् गिरणाकाठ भाऊ जे टाचेने फेरे वर आणतात ना, ते नुसतं शौकाचं नाही, त्याने क्लच प्लेट वाचते. १ लाख ८०वर त्यांचा क्लच अजून धड असेल तर त्याला त्याचीही मदत आहे.

जुन्या ट्रकला ही रिंगच नव्हती. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच, मग गिअर. लळिंग भाऊ, तुमच्या वडिलांना विचारा, ते सांगतील. अन् उताराला नियम एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक तापून गेलेल्या गाड्या आमच्याकडे टोचन करून यायच्या, त्यांनी हा नियम मोडलेला असायचा. हे ऑटोमॅटिकवाल्यांनाही सांगतो. घाट उतरताना डी (ड्राइव्ह) मध्ये टाकून नुसता ब्रेक दाबत बसू नका, पॅडलने खालचा गिअर धरा.

ऑटोमॅटिकचं म्हणाल तर दोन क्लचवाल्यात ओला अन् कोरडा असे दोन प्रकार. ओला तेलात बुडालेला असतो, तापला तरी तेल उष्णता घेऊन जातं. कोरड्याला तो आधार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, त्यात गर्दीत इंच इंच सरकवत नेली तर तो तापणारच. पुढच्या गाडीला थोडं अंतर जाऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. एवढं केलं तर पुष्कळ टिकतो.

लळिंग

वडिलांना विचारलं. डबल क्लच त्यांनी मला खुर्चीत बसून हातापायांनी करून दाखवला. ७४ वर्षांचे आहेत, एकही पायरी चुकली नाही.

शहादेकर (शहादा)

मी बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतो. थोडक्यात लिहितो.

शिकणाऱ्याने पहिले पंधरा दिवस तरी क्लचवर काढावेत, या मताचा मी आहे. गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात, घाम फुटतो. पण त्या दिवसांत इंजिन काय करतंय ते कळतं, आणि पुढे ऑटोमॅटिक चालवली तरी ते विसरत नाही.

घोडा वाहतुकीतून गेला त्याला किती वर्षं झाली. तरी दत्त जयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतोच, लांबलांबून माणसं येतात, आणि घेणारा आधी बसून चाल बघतो. गरज संपल्यावर जे उरतात ते त्या गोष्टीची जास्त पारख करतात, असं मला तिथे दरवर्षी दिसतं.

गिरणाकाठ, केळीपट्टा, तुम्ही दोघे एकदा तोरणमाळला या. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. रस्ता मी दाखवतो. फक्त मोठा पाऊस होऊन गेल्यावर लगेच नको, दरडीचे दगड रस्त्यावर असतात.

केळीपट्टा

मी तयार. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने सरळ येतो. गिरणाकाठ भाऊ, माझी गाडी तुम्ही चालवायची, ही माझी अट.

गिरणाकाठ

ठरलं. रेल्वेक्वार्टर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथून आल्यावर देतो. आत्ता दिलं तर ते विचार न करता दिलेलं होईल.

गिरणाकाठ

काल जाऊन आलो. आज सकाळी दुकान उशिरा उघडलं आणि हे लिहायला बसलो.

मी धुळे-दोंडाईचामार्गे गेलो, सारंगखेड्याला तापी ओलांडली. केळीपट्टा भाऊ आणि शहादेकर सर म्हसावदला भेटले. राणीपूर सोडल्यावर घाट सुरू होतो. साग, दगड, आणि रस्ता स्वतःलाच गाठ मारत वर जातो. सात पायरीचा टप्पा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल.

चढताना मी व्हर्टस चालवली, पॅडलवर. गिअर इतक्या लवकर पडतो की बोट सुटायच्या आत काम झालेलं असतं. पहिली काही वळणं मी खूश होतो. मग लक्षात आलं की माझा डावा पाय पेडल शोधतोय आणि माझ्याकडून काहीच चुकू शकत नाहीये. एका वळणाला मी घाई करून खालचा गिअर मागितला, इंजिनाचे फेरे जास्त होते म्हणून गाडीने तो दिलाच नाही. गाडीचं बरोबर होतं. माझ्या गाडीत तिथे मी चुकलो असतो, आणि ती चूक माझी असती. अर्ध्या घाटात मी पॅडल सोडून दिलं आणि तिला डी मध्ये जाऊ दिलं. मला कंटाळा आला नव्हता, माझी गरजच नव्हती.

उतरताना केळीपट्टा भाऊ स्टेअरिंगवर बसले आणि मी बाजूला. इथे माझी समजूत बदलली. हा माणूस वळण दिसायच्या आधी, मागच्या सरळ तुकड्यातच गिअर उतरवून ठेवतो. एका लांब उतारावर त्यांनी दुसरा धरला तो खालपर्यंत धरला, ब्रेकला मोजून तीनदा पाय लावला. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा होता की मागे बसलेले सर गाडी सुरू असताना बोलायचे थांबले. दोन्ही हात स्टेअरिंगवर, खांदे सैल. मी बारा वर्षांत इतका शांत घाट उतरलेलो नाही. लहानपणी ओट्यावर बसून ऐकलेले गिअर त्यांच्या कानात पक्के आहेत, आणि पॅडलमुळे ते आता बोटात आले आहेत. पॅडल ओढणं म्हणजे चालवणं नव्हे, हे वाक्य मी मागे घेतो, पूर्ण मागे घेतो.

आता ताईंचा प्रश्न. मला गिअर हवाय की स्वतः काहीतरी करायला? दुसरं खरं आहे. तुमच्या बाबांचं म्हणणंही मला पटतं, पण ते काम होतं. मालगाडी वेळेत आणि सुखरूप पोचणं हा त्याचा हेतू, तिथे नॉच गेले तर बरंच झालं. माझी धुळे-जळगावची धावही कामच आहे, त्यासाठी ऑटोमॅटिक आली तर मी अडवणार नाही. पण कन्नड घाटातली पहाट कुठे पोचण्यासाठी नसते. तिथे अर्धा सेकंद वाचवून मी तो ठेवू कुठे? ज्या गाडीचं नावच चालवण्याच्या आनंदासाठी घेतलं जातं, तिच्यातून चालवणाऱ्याच्या वाट्याचं काम काढून घ्यायचं आणि वरून तिला जास्त चांगली म्हणायचं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. केळीपट्टा भाऊंचा वाटा पॅडलमधून त्यांना मिळतो. माझा मला तीन पेडल आणि दांड्यातून मिळतो. दोन्ही मिळत राहावेत एवढंच मागणं आहे, आणि पांझरा म्हणतात तसं, ते मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

म्हणून आज दुकानात येता येता शोरूमला गेलो. व्हर्टस जीटी, मॅन्युअल. चालवून बघायला मॅन्युअल गाडी त्यांच्याकडे नव्हती, डीएसजीच होती. म्हणाले, मॅन्युअल कुणी विचारत नाही, ऑर्डर दिली तर मागवू. सारंगखेड्याला घोडासुद्धा बसून बघूनच घेतात, आणि मी न बघता पैसे भरून आलो. दांड्याची चाल कशी आहे ते गाडी दारात आल्यावरच कळेल. पण आज त्यांच्या वहीत एक तरी मॅन्युअलची नोंद झाली.

लॉरा विकत नाही. मुलगी पुढच्या वर्षी अठराची होते, शहादेकर सरांचे ते पंधरा दिवस ती त्याच गाडीवर काढेल.

रेल्वेक्वार्टर

उत्तर पोचलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांना सांग, मला एकदा कन्नड घाटात घेऊन जा, मी बाजूला बसतो.

गिरणाकाठ

बाबांना कधीही घेऊन या ताई. रविवारी पहाटे, चहा माझ्याकडून.

पाना_१४_१५

भाऊ, मुलगी शिकणार असेल तर आधी लॉरा माझ्याकडे टाका. १ लाख ८०वर गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघू, क्लचचं पेडल कितीवर पकडतं ते बघू. नवशिक्याला पेडल अगदी वर पकडणारी गाडी देऊ नका, पोरगी घाबरून जाईल. दोन दिवस लागतील. शनिवारी आणून सोडा, रविवारी घाट नाही झाला तरी चालेल.